दुर्मिळ आडनाव सारखं, मग घराणंही एकच का?

प्रश्न असा आलाय की आपलं आडनाव फारसं कुणाचं नसतं, अख्ख्या शाळेत-कॉलेजात त्या आडनावाचे आपण एकटेच, आणि मग इतिहास चाळताना त्याच आडनावाचे दोन-तीन मोठे लोक सापडतात, एक गणितज्ञ, एक दर्यावर्दी, एक कुठलातरी मंत्री, तर ते एकमेकांचे नातेवाईक धरायचे का, आणि आपलेही धरायचे का.

मी वंशावळी लावायचं काम करतो, बरीच वर्षं झाली, त्यामुळे आधी उत्तर सांगतो आणि मग कारणं. आडनाव खरंच दुर्मिळ असेल तर नातं असण्याची शक्यता वाढते, चांगलीच वाढते. पण आडनाव म्हणजे बापाच्या बापाच्या बापाकडून आलेली एकच रेघ, बाकीचं घराणं त्यात दिसतच नाही, आणि ती एक रेघसुद्धा मधे कुठेतरी तुटलेली, बदललेली किंवा उसनी घेतलेली असू शकते. त्यामुळे दोन प्रसिद्ध माणसांचं आडनाव जुळलं की मी आधी दोघांचं गाव आणि साल बघतो. दोघांचे आजे-पणजे एकाच भागात सापडले तर पुढे जायचं, नाहीतर तो बादरायण संबंध.

जिथे सगळं जुळतं तिथून सुरुवात करू, म्हणजे बर्नुली. गणितात आणि फिजिक्समध्ये हे नाव इतक्या वेळा येतं की बऱ्याच जणांना तो एकच माणूस वाटतो. प्रत्यक्षात ती स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या एकाच घरातली माणसं. मूळचे अँटवर्पचे, प्रोटेस्टंट म्हणून तिथे राहणं कठीण झालं, आणि याकोब बर्नुलीच्या आजोबांना १६२२ मध्ये बासेलचं नागरिकत्व मिळालं. मोठ्या संख्यांचा नियम मांडला तो हा याकोब (१६५५ ते १७०५), आणि तो छापून आला १७१३ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर आठ वर्षांनी. त्याचा धाकटा भाऊ योहान (१६६७ ते १७४८), आणि विमानाच्या पंखाबद्दल बोलताना ज्याचं तत्त्व सांगतात तो दानिएल (१७०० ते १७८२) हा योहानचा मुलगा. पुतणे, नातू धरून आठ जण तरी गणितात नाव काढून गेले, आणि नावं तीच तीच, याकोब, योहान, निकोलाउस, म्हणून इतिहासकारांना त्यांना राजांसारखे पहिला दुसरा तिसरा असे नंबर द्यावे लागले.

आणि भाऊबंदकी पण अगदी भरपूर. याकोब आणि योहान एकमेकांची उत्तरं उघडउघड खोडायचे. १७३४ मध्ये पॅरिसच्या अकादमीचं बक्षीस योहान आणि दानिएलला वाटून मिळालं, तर मुलाला आपल्या बरोबरीने बसवलं याचाच बापाला राग आला. पुढे दानिएलचं द्रवांच्या गतीवरचं पुस्तक १७३८ मध्ये आलं आणि बापाने त्याच विषयावर स्वतःचं पुस्तक काढून त्यावर १७३२ साल टाकलं, म्हणजे आपलं आधीचं वाटावं. पोराच्या कामावर बापानेच असा हात मारल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन आठवत नाही.

फ्रान्समध्ये कासिनींचं असंच, पॅरिसची वेधशाळा चार पिढ्या त्याच घराकडे. जोव्हानी दोमेनिको (१६२५ ते १७१२) इटलीतून आलेला, त्याने शनीच्या कड्यांमधली फट शोधली, आणि पुढच्या तीन पिढ्यांनी त्याच खुर्चीवर बसून अख्ख्या फ्रान्सचा नकाशा मोजला. बेकरेल तर त्याहून जास्त. आंत्वान सेझार, त्याचा मुलगा एदमों ज्याने १८३९ मध्ये उजेडापासून वीज तयार होताना पाहिली, त्याचा मुलगा आंरी ज्याला १८९६ मध्ये किरणोत्सार सापडला आणि १९०३ चं नोबेल मिळालं, आणि त्याचा मुलगा जाँ. चौघेही ओळीने पॅरिसच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात फिजिक्सच्या एकाच पदावर होते.

फ्रान्सिस गाल्टनने (हा चार्ल्स डार्विनचा आतेभाऊ लागतो, अर्धा, म्हणजे आजोबा एक पण आज्या दोन) १८६९ मध्ये अशीच घराणी मोजली आणि बुद्धी रक्तातूनच येते असं ठोकून दिलं, आणि त्या विचारातून पुढे सुप्रजननवाद, म्हणजे 'चांगल्या रक्ताच्या' लोकांनाच मुलं व्हावीत हे खूळ निघालं, त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला बेकरेलांची यादी बघून वेगळंच दिसतं. प्रयोगशाळा तीच, ओळखी त्याच, खुर्ची तीच, पोरगा लहानपणापासून बापाच्या उपकरणांमध्ये वाढलेला. आडनावाबरोबर बरंच काही वारशात येतं आणि ते सगळं रक्तात शोधायची गरज नसते.

पण त्याच गाल्टनने आडनावांबद्दल एक भारी प्रश्न विचारला होता, आणि तुमच्या प्रश्नाची अर्धी किल्ली तिथेच आहे. त्याच्या लक्षात आलं की एकेकाळी गाजलेली कितीतरी घराणी नावानिशी संपली. १८७३ मध्ये त्याने हा प्रश्न जाहीरपणे मांडला की यात काही खास कारण आहे की नुसत्या योगायोगानेही आडनावं मरतात. उत्तर दिलं हेन्री वॉटसन नावाच्या पाद्रीने, आणि १८७४ मध्ये दोघांनी मिळून ते छापलं. हिशेब असा बघा: दर पुरुषाला मोठे होऊन संसार करणारे मुलगे सरासरी एक धरा, कुणाला तीन कुणाला एकही नाही, सगळं नशिबावर. तर पहिल्याच पिढीत साधारण ३७ टक्के पुरुषांची आडनावाची रेघ संपते, आणि दुसऱ्या पिढीअखेर निम्म्याहून जास्त. रोगराई नाही, युद्ध नाही, नुसता फाशांचा खेळ. वॉटसनने त्यावरून सगळीच आडनावं शेवटी संपणार असं म्हटलं ते मात्र चुकलं, कारण सरासरी एकाच्या वर गेली की काही रेघा कायमच्या टिकू शकतात, आणि फ्रान्सच्या बिएनेमे नावाच्या माणसाला हे १८४५ मध्येच कळलं होतं पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. गाल्टनला स्वतःला मूलबाळ नव्हतं, हे आपलं सहज सांगितलं.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय, तर एखादं आडनाव आज दुर्मिळ आहे म्हणजे बहुतेक वेळा ते मुळात एका-दोघांनीच घेतलं होतं आणि त्यातली एखादीच रेघ जेमतेम टिकली. लोहार, शिंपी, पाटील छापाची आडनावं शेकडो गावांत स्वतंत्रपणे जन्मतात, त्यात सारखेपणाला काही किंमत नाही. विचित्र, कुणी न ऐकलेलं आडनाव असेल तर एकाच मुळातून आलेलं असण्याची शक्यता जास्त.

यावर पहिल्यांदा आकडेमोड करून बघणारा माणूस म्हणजे चार्ल्स डार्विनचा मुलगा जॉर्ज, आणि त्याचं कारण घरातलंच होतं. त्याचे आईवडील, चार्ल्स आणि एमा वेजवूड, हे सख्खे आते-मामे भावंडं. असं लग्न पोरांना बाधतं का ही काळजी बापालाच होती. तर जॉर्जने १८७५ मध्ये अशी शक्कल लढवली की नवरा-नवरी दोघांचं लग्नाआधीचं आडनाव एकच आहे अशी लग्नं मोजायची, त्यातून निव्वळ योगायोगाने जुळणारी वजा करायची (स्मिथ-स्मिथ लग्न काय, कधीही होईल), आणि उरलेल्यातून चुलत भावंडांच्या लग्नांचा अंदाज बांधायचा. दुर्मिळ आडनावाचं दुर्मिळ आडनावाशी लग्न म्हणजे जवळपास नक्की भाऊबंद. ही पद्धत लोकसंख्येच्या अभ्यासात अजून वापरतात, आणि ती काढणाऱ्याचं स्वतःचं आडनाव पण तसं दुर्मिळच.

आता डीएनए. वाय क्रोमोसोम बापाकडून मुलाकडे जातो, आडनावासारखाच, म्हणून दोन्ही जुळवून बघता येतात. ब्रिटनमध्ये टुरी किंग आणि मंडळींनी २००६ मध्ये एकच आडनाव असलेल्या पण एकमेकांना न ओळखणाऱ्या पुरुषांच्या १५० जोड्या तपासल्या. सगळ्या मिळून साधारण पाव जोड्यांचा मूळपुरुष अलीकडचा आणि एकच निघाला, आणि कमी आढळणाऱ्या आडनावांत हे प्रमाण जवळपास निम्म्यावर गेलं. स्मिथ वगैरेंमध्ये काहीच नाही. हा निम्मा आकडा मी लोकांना मुद्दाम सांगतो, कारण तो दोन्ही बाजूंनी वाचता येतो. दुर्मिळ आडनाव असूनही निम्म्या जोड्या जुळल्या नाहीत!

का जुळत नाहीत याची कारणं बघायला गेलं तर खरी गंमत तिथेच आहे. सगळ्यात मोठं कारण, जे कुणाला घरात बोलायला आवडत नाही, ते म्हणजे कागदावरचा बाप आणि खरा बाप वेगळा असणं. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत मेला, त्याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सापडला. आईकडून येणारा डीएनए हयात नातेवाईकांशी बरोबर जुळला. पण पुरुषांच्या रेघेतून राजाचे नातेवाईक लागणारे जे पाच हयात पुरुष तपासले, सॉमरसेट घराण्यातून आलेले, त्यांच्यापैकी एकाचाही वाय राजाशी जुळला नाही, आणि त्या पाचातला एक उरलेल्या चौघांशीही जुळला नाही. म्हणजे युरोपात ज्या घराण्याची वंशावळ सगळ्यात बारकाईने लिहून ठेवलीय तिथे रेघ निदान दोन ठिकाणी तुटलीये. हा निकाल २०१४ मध्ये छापून आला. मग आपल्यासारख्या साध्या घरांचं काय सांगावं.

दुसरं कारण, आडनाव उचलून घेतलेलं असतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या वडिलांचं मूळ आडनाव शोर, त्यांना आईच्या नात्यातल्या पीटर नाइटिंगेलची इस्टेट मिळाली आणि १८१५ मध्ये त्यांनी आडनाव बदललं. आपल्याकडे दत्तक गेल्यावर होतं ना, साधारण तसंच, इस्टेटीबरोबर नाव. त्यामुळे तुम्ही नाइटिंगेल असाल आणि डीएनए जुळवायला गेलात तर तिच्या वडिलांकडून तुम्हाला शोर लोक सापडतील. वर कासिनी म्हटलं, तर अमेरिकेत जॅकलिन केनेडीचे कपडे डिझाइन करणारा ओलेग कासिनी आठवत असेल, त्याचे वडील लोयेव्स्की, कासिनी हे आईचं घराणं, त्याने आईचं नाव लावलं. म्हणजे आडनाव तेच, पण बापाची रेघ भलतीच.

तिसरं, पदावरून पडलेली आडनावं, आणि मराठी इतिहासात तर हे पावलोपावली आहे. नाना फडणवीस (१७४२ ते १८००) यांचं घराणं भानू. बाळाजी विश्वनाथ यांचं आडनाव भट, १७१३ मध्ये पेशवेपद मिळालं आणि नंतर ते त्यांच्या घराण्यातच राहिलं म्हणून आपण पेशवे म्हणतो. त्यांच्या आधी शिवाजी महाराजांचे पेशवे मोरोपंत होते ते पिंगळे. तेव्हा जुन्या कागदात कुणाच्या नावापुढे पेशवे, चिटणीस, फडणीस दिसलं तर ते आडनाव आहे की हुद्दा हे आधी ठरवा, कारण हुद्दा बापाकडून मुलाकडेच जातो असं नाही, आणि फडणीशी तर कितीतरी दरबारांत होती. दोन फडणीस घराण्यांचा संबंध लावायला निघालेले लोक मी पाहिलेत, बिचारे दमतात.

चौथं, सरकारने वाटलेली आडनावं. फिलिपीन्समध्ये स्पेनचा गव्हर्नर क्लाव्हेरिया याने १८४९ मध्ये हुकूम काढला, कारण सगळे लोक संतांची नावं लावायचे आणि कराच्या वह्यांमध्ये घोळ व्हायचा. तर आडनावांचा एक छापील कॅटलॉग काढला आणि त्याची पानं प्रांताप्रांतात वाटली, गावाने त्यातून आडनावं निवडायची. चार पिढ्या तेच आडनाव लावत असल्याचं दाखवता आलं तर जुनं ठेवायची मुभा होती, बाकीच्यांना नवीन. काही भागांत अख्ख्या गावाची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात ती यामुळे. तिथे दुर्मिळ स्पॅनिश आडनाव जुळलं म्हणून स्पेनमधल्या कुणा सरदाराशी नातं काढणं म्हणजे हवेत किल्ले.

तुर्कस्तानात आडनावाचा कायदा १९३४ चा, आणि त्यातून जगातलं बहुधा सगळ्यात दुर्मिळ आडनाव निघालं. मुस्तफा केमालला संसदेने अतातुर्क हे आडनाव दिलं आणि ते दुसऱ्या कुणी लावायचं नाही असंही ठरवलं. स्वतःचं मूल नाही, बहिणीचं आडनाव अतादान, दत्तक मुलगी साबिहा गोकचेन जी लढाऊ विमानं उडवायची तिचं आडनाव गोकचेन. १९३८ मध्ये तो गेला आणि आडनाव त्याच्याबरोबर संपलं.

स्पेलिंगचा एक प्रकार इथेच उरकतो. बलूनमधून १९३१ मध्ये जवळपास १६ किलोमीटर उंचीवर गेलेला ओग्युस्त पिकार, १९६० मध्ये समुद्राच्या सगळ्यात खोल तळाशी उतरलेला त्याचा मुलगा जाक, आणि १९९९ मध्ये बलूनने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केलेला नातू बेर्त्रां, हे स्विस पिकार, यांच्या रोमन स्पेलिंगमध्ये दोन सी आहेत. पृथ्वीचा आकार मोजणारा सतराव्या शतकातला जाँ पिकार आणि गणितज्ञ एमिल पिकार हे फ्रेंच, त्यांच्यात सी एकच, आणि ते नाव पिकार्डी प्रांतावरून पडलेलं, म्हणजे तिथून बाहेर पडलेल्या कुणालाही चिकटू शकतं. देवनागरीत सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे परदेशी आडनावं मराठीतून शोधू नका. उलट एकाच माणसाची स्पेलिंग वेगळी असणं हेही नेहमीचं, शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या उरल्यात त्यातही एकसारखेपणा नाही. एका अक्षराच्या फरकाने नातं तुटत नाही आणि जोडलंही जात नाही.

आता ज्या मुद्द्यावर लोक हमखास नाराज होतात तो. मोठ्या माणसाचं दुर्मिळ आडनाव लावणारे आज हयात आहेत याचा अर्थ ते त्याचे वंशज आहेत असा अजिबात होत नाही. शेक्सपिअरचा एकुलता एक मुलगा हॅमनेट १५९६ मध्ये अकरा वर्षांचा असताना गेला, शेवटची नात एलिझाबेथ १६७० मध्ये गेली आणि थेट वंश तिथेच संपला. भावांचाही वंश पुढे चालला नाही. बहीण जोन हिचा चालला, पण त्यांचं आडनाव हार्ट.

बोनापार्तचं तर विचारूच नका. कोर्सिका बेटावरचं आडनाव, आधी बुओनापार्ते, १७९६ मध्ये नेपोलियनने ते फ्रेंच वळणाचं केलं. या आडनावाने पुढे काय काय लोक दिले बघा. शार्ल ल्युसियँ बोनापार्त (१८०३ ते १८५७) हा पक्ष्यांचा मोठा अभ्यासक, पारव्यांच्या एका वंशाला त्याने बायकोचं नाव देऊन टाकलं, झेनाइदा, आणि ते अजून चालतं. त्याचा भाऊ लुई ल्युसियँ, याने बास्क भाषेच्या बोलींचा नकाशा केला. अमेरिकेत चार्ल्स जोसेफ बोनापार्त अॅटर्नी जनरल झाला आणि १९०८ मध्ये त्याने जे तपास खातं उभं केलं त्याचंच पुढे एफबीआय झालं. मारी बोनापार्त (१८८२ ते १९६२) मानसोपचारात गेली आणि १९३८ मध्ये फ्रॉइडला व्हिएन्नातून बाहेर काढायला तिने पैसा आणि ओळखी दोन्ही वापरल्या. आडनाव दुर्मिळ, घराणं एकच, सगळं सिद्ध झालेलं. पण यातला एकही माणूस नेपोलियनचा वंशज नाही! सगळे भावांचे, ल्युसियँचे नाहीतर जेरोमचे. नेपोलियनचा औरस मुलगा १८३२ मध्ये एकविसाव्या वर्षी बिनलग्नाचा गेला. आणि ज्या मुलाकडून त्याचं रक्त पुढे गेलं, पोलंडच्या मारिया वालेव्स्काचा मुलगा अलेक्झांडर, तो पुढे फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री झाला खरा, पण आडनाव वालेव्स्की. म्हणजे नाव एकीकडे आणि रक्त दुसरीकडे.

आडनावाच्या याद्यांचा माझा सगळ्यात मोठा राग मात्र वेगळाच आहे, तो म्हणजे लेकीबाळींचा वंश त्यात गायबच होतो. यासाठी बूल घराणं घ्या. जॉर्ज बूल (१८१५ ते १८६४), लिंकनच्या एका चांभाराचा मुलगा, ज्याच्या बीजगणितावर आजचे सगळे कॉम्प्युटर चालतात. बूल हे आडनाव दुर्मिळ, आणि यादी काढायला गेलात तर तो एकटाच दिसेल. त्याची बायको मेरी, तिचं माहेरचं आडनाव एव्हरेस्ट, तेही दुर्मिळ, आणि ती हिमालयातल्या शिखराला ज्याचं नाव दिलं त्या जॉर्ज एव्हरेस्टची सख्खी पुतणी, स्वतः गणित कसं शिकवावं यावर लिहिणारी. दोघांना पाच मुली, मुलगा नाही. म्हणजे गाल्टनच्या हिशेबात ही रेघ पहिल्याच पिढीत शून्य.

आता त्या शून्यात काय भरलंय बघा. अॅलिशिया कुठल्याही कॉलेजात न जाता चार मितींच्या आकृत्यांवर काम करून गेली, लग्नानंतरचं आडनाव स्टॉट. एथेल लिलियन कादंबरीकार झाली, तिचा नवरा विल्फ्रिड वॉयनिच, म्हणजे अजून कुणाला न वाचता आलेलं ते गूढ हस्तलिखित ज्याच्या नावाने ओळखतात तो. ल्युसीने लग्न केलं नाही, केमिस्ट्रीत गेली. मार्गारेटचा मुलगा जेफ्री टेलर (१८८६ ते १९७५), विसाव्या शतकातला द्रवांच्या गतीवर काम करणारा फार मोठा माणूस. थोरली मेरी एलन, तिचा नवरा चार्ल्स हॉवर्ड हिंटन, चौथ्या मितीवर लिहिणारा. त्यांचा मुलगा सेबास्टियन, मुलं बागेत ज्या लोखंडी सांगाड्यावर चढतात तो जंगल जिम याने काढला. सेबास्टियनची मुलगी जोन हिंटन अणुबॉम्बच्या प्रकल्पावर काम करून १९४८ मध्ये चीनला निघून गेली आणि तिथेच राहिली. आणि याच हिंटन शाखेतला जेफ्री हिंटन, ज्याला न्यूरल नेटवर्कच्या कामासाठी २०२४ चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, जॉर्ज बूलचा खापरपणतू. बूल नाव लावणारं यात कुणीच उरलं नाही.

पण जेफ्री हिंटनचं पूर्ण नाव बघा, जेफ्री एव्हरेस्ट हिंटन. त्याच्या वडिलांचंही हॉवर्ड एव्हरेस्ट हिंटन, ते किड्यांचे अभ्यासक. मेरीचं माहेरचं आडनाव इतक्या पिढ्यांनंतरही मधल्या नावात जिवंत आहे. इंग्रजी वंशावळीत मधलं नाव विचित्र, आडनावासारखं दिसलं की मी तिथेच थांबतो, कारण नव्वद टक्के काम तिथे होऊन जातं, ते बहुतेक कुणातरी आजी-पणजीचं माहेर असतं. चार्ल्स गाल्टन डार्विन नावाचा फिजिसिस्ट होऊन गेला, वर आलेल्या जॉर्ज डार्विनचा मुलगा, त्याच्या नावात दोन घराणी उघड दिसतात.

आणि जिथे आपल्यासारखी आडनावाची पद्धतच नाही तिथे तर ही सगळी शोधाशोध उलटी पडते. सी. व्ही. रामन यांना १९३० चं नोबेल, सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९८३ चं, दोघेही फिजिक्सचे, आणि नातं सख्ख्या काका-पुतण्याचं. तमिळ पद्धतीत आपलं नाव शेवटी आणि वडिलांचं आद्याक्षर पुढे, त्यामुळे नावावरून कुणालाही कळणार नाही. आइसलँडमध्येही आडनाव बापाच्या नावावरून दर पिढीला बदलतं, तिथे सारखं आडनाव असणं म्हणजे फार तर दोघांच्या बापांचं नाव सारखं.

मग करायचं काय. लोक स्वतःपासून वर चढायला लागतात आणि चौथ्या-पाचव्या पिढीला अडकतात. मी त्याचबरोबर प्रसिद्ध माणसापासून खाली उतरतो, त्याला मुलगे किती, त्यातले जगले किती, त्यांना मुलगे किती. पुष्कळदा एका दुपारीच कळतं की ती रेघ संपलेली आहे, मग प्रश्न उरतो फक्त भावांचा आणि चुलत्यांचा. मृत्युपत्रं मिळाली तर सोनं, कारण निपुत्रिक म्हातारा पुतण्या-भाच्यांची नावं गावासकट लिहून जातो. लग्नाच्या नोंदीतले साक्षीदार पण बघा. इंग्लंडात चर्चच्या नोंदवह्या १५३८ पासून सुरू होतात आणि सरकारी जन्म-मृत्यू नोंद १८३७ पासून, त्यामुळे कुणी तुम्हाला अकराव्या शतकापर्यंतची सलग वंशावळ हातात ठेवली तर ती सरदार घराण्याची आहे का एवढं विचारा, नसेल तर मधले दुवे कुणीतरी मनाने भरलेत.

डीएनए टेस्ट करायचीच असेल तर वायची करा, आणि ती पुरुषाचीच होते, म्हणजे बाईला भावाची, वडिलांची नाहीतर चुलत्याची करून घ्यावी लागते. नेहमीची जी घरोघरी विकली जाते ती टेस्ट पाच-सहा पिढ्यांच्या पलीकडे फारशी उपयोगाची नाही. दोन माणसांचा वाय अगदीच वेगळा आला तर पुरुषांच्या रेघेतून नातं नाही हे पक्कं. जुळला तर मात्र मूळपुरुष एक आहे एवढंच कळतं, तो तीनशे वर्षांपूर्वीचा की सहाशे हे ढोबळच सांगता येतं, आणि तो प्रसिद्ध माणूस त्या रेघेत आहे का हे कागदच सांगणार. आणि टेस्टच्या आधी घरच्यांना विचारा, निकाल काय येईल सांगता येत नाही आणि एकदा आला की परत पाकिटात घालता येत नाही.

एक-एक आडनाव धरून जगभरच्या सगळ्या नोंदी गोळा करणारे लोक असतात, ब्रिटनमध्ये १९७९ पासून त्यांची रीतसर संघटनाच आहे, गिल्ड ऑफ वन-नेम स्टडीज. इंग्रजी आडनाव असेल तर तिथे आधी बघा, कुणीतरी तुमचं काम आधीच करून ठेवलेलं असू शकतं. आणि आडनाव टाइप केलं की घराण्याचं मानचिन्ह छापून फ्रेम करून देणारे जे लोक आहेत त्यांना पैसे देऊ नका, इंग्लंडात मानचिन्ह एका माणसाला आणि त्याच्या वंशजांना मिळतं, आडनावाला मिळत नाही, त्यामुळे ती फ्रेम बहुतेक दुसऱ्याच कुणाच्या घराण्याची असते.